तारण ठेवलेला बाप

सुभेदार लालासाहेबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं रहिमतपुरात सगळे म्हणत. म्हणजे आधी सुभेदार स्वतः म्हणत आणि मग बाकीच्यांना म्हणावं लागे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गल्लीला शहाणं करायचा विडाच उचलला होता. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, अनोळखी लिंक आली की पुसून टाकायची, पैसे द्यायला कोड स्कॅन करावा लागतो, घ्यायला नाही. हे ते वाण्याच्या दुकानात सांगत, सलूनमध्ये सांगत, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानात जिलेबी पडेपर्यंत सांगत. माणूस कंटाळवाणा खरा, पण सांगणं एकही खोटं नव्हतं. त्यांच्यामुळे दोनतीन घरांचे पैसे वाचले होते, आणि ती घरं ते विसरू लागली की सुभेदार आठवण करून देत.

त्यांच्या दारातल्या मोटारसायकलचा बंदोबस्त तर बघण्यासारखा होता. हँडलला कुलूप, मागच्या चाकाला साखळी, शिवाय सीटखाली एक चोरबटण. ते दाबल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचं नाही. गाडी मुलाची, शिवतेजची. तोही फौजेत, सध्या लेहकडे. त्याची बायको शिवांजली नर्सिंग शिकलेली, आणि तिला कोरेगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. पण पाळी पहाटेची, त्या वेळी एसटी नाही. ती जड मोटारसायकल तिला झेपत नव्हती आणि सुभेदारांचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे त्यांनी सोडायला जायचा प्रश्नच नव्हता. शेवटी शिवतेजनं फोनवर सांगितलं, माझी गाडी विका आणि तिला स्कूटर घ्या. नोकरी एक तारखेला सुरू व्हायची होती. तोवर स्कूटर आली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवांजली त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. रोज संध्याकाळी ती गाडी तेवढी लख्ख पुसून ठेवायची.

गाडीचा फोटो मोबाइलवर टाकला तसे फोन सुरू झाले. पहिल्यानं गाडी न बघताच पैसे पाठवतो म्हणत कोड पाठवला. सुभेदारांनी त्याला अशा भाषेत वाटेला लावलं की त्यांच्या बायकोनं, मंगलताईंनी, खिडकी लावून घेतली. दुसरा म्हणाला, मी जवान आहे, बदली झालीय, घाईत आहे. फौजेचं नाव घेऊन कुणी सुभेदारांनाच फसवायला निघावं, म्हणजे दुर्दैवच त्याचं. त्यांनी त्याला युनिट विचारलं, सेंटर विचारलं, ट्रेनिंगला उस्ताद कोण होते ते विचारलं, आणि तिसऱ्या प्रश्नाला फोन बंद झाला. त्या दिवशी सुभेदार दोन पोळ्या जास्त जेवले.

तिसरा माणूस रविवारी सकाळी स्वतः आला, आणि बापाला घेऊन आला.

पोरगा पंचविशीचा, नाव वीरधवल सांगितलं. आल्याआल्या सुभेदारांच्या पाया पडला, मंगलताईंच्या पडला. बरोबर धोतर-पटक्यातला म्हातारा, हातात काठी, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. पोरानं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाण्याचा तांब्या आधी त्याच्यापुढं धरला. "हे आमचं वडील. त्यांनी हात लावल्याबिगर आमच्यात गाडी घेत न्हाईत, साहेब," तो म्हणाला.

हे वाक्य सुभेदारांच्या काळजात जाऊन बसलं. आजकालची पोरं बापाला न विचारता घर विकतात, आणि हा दुचाकी घ्यायला बाप घेऊन आला. त्यांचा स्वतःचा मुलगा एवढ्या लांब, वर्षातून एकदा दिसणारा. त्यांना पोराकडे बघून भरून आलं, आणि भरून आलेल्या माणसाला कुठे धड दिसतं?

चहा झाला, पोहे झाले. पोरगा म्हणाला, एक चक्कर मारून बघतो. याबाबत सुभेदारांचा नियम गल्लीला पाठ होता. चक्कर मारायला गाडी द्यायची तर त्याचं लायसन्स आपल्या हातात हवं, नाहीतर आपण मागच्या सीटवर. मागे बसायला गुडघा तयार नव्हता. लायसन्स मागितलं तर पोरगा कानाची पाळी धरून म्हणाला, ते गडबडीत घरी राहिलं. आणि मग अगदी सहज म्हणाला, "वडील हितंच बसल्यात की."

आता यावर कोण काय बोलणार? गाडी सोडून पळणारा माणूस जगात असेल, बाप सोडून पळणारा कसा असेल? सुभेदारांनी आपल्या हातानं साखळी काढली, हँडलचं कुलूप काढलं आणि चोरबटण कुठे आहे तेही दाखवलं.

पोरगा गेला तो गेलाच.

बराच वेळ कुणाला काही वाटलं नाही. मग सुभेदार फाटकापर्यंत जाऊन आले. पोरानं दिलेला नंबर लावला, तो बंद. म्हातारा आपला सावकाश पोहे वेचून खात होता. शेवटी सुभेदार त्याच्यासमोर उभे राहिले आणि तुमचा मुलगा कुठे अडकला म्हणून विचारलं.

"माझा? माझा मुंबईला असतू," म्हातारा म्हणाला. "ह्यो कुनाचा हाय, मला ठावं न्हाई."

शिवांजली दारात उभी होती. तिनं रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. सुभेदारांना ओरडायचं होतं, पण ते जमिनीवर पडलेली साखळी गोळा करू लागले. त्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शेजारचा गुंडा नावाचा गडी मात्र धावत आला आणि ओरडायचं कामही त्यानंच केलं. म्हातारा टोळीतला आहे, दोन ठेवून दिल्या की पोपटासारखा बोलेल, असं त्याचं म्हणणं. सुभेदारांनी त्याचा हात धरला, पण मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं. सगळे मिळून रिक्षानं पोलीस ठाण्यात निघाले. वाटेत गुंडा सुभेदारांच्या कानाला लागला. "तुमी सांगा की म्हातारा सोताच म्हनला, मी बाप हाय म्हनून. न्हाईतर गाव हसंल ओ. आनि ह्येला आत घातला की पोराचं नाव निघंल."

बोलणं बिनतोड होतं. एवढी एक ओळ सांगितली की सुभेदार मूर्ख ठरत नव्हते. मुरलेल्या टोळीनं बनवलं, नाटकी म्हातारा आणून बनवलं, असं गावाला सांगता आलं असतं. आणि म्हाताऱ्याला दटावून गाडी सापडली तर सुनेची नोकरीही वाचली असती. समोरच्या सीटवर म्हातारा काठी दोन्ही हातांनी धरून बसला होता. आपल्याला कुठे नेतायत, हे त्यानं अजून विचारलंही नव्हतं.

ठाण्यात एक तरुण महिला फौजदार होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं. "हे आजोबा स्वतः म्हणाले का, की मी त्याचा बाप आहे?"

गुंडानं सुभेदारांना कोपरानं ढोसलं. सुभेदार म्हाताऱ्याकडे बघत राहिले. सकाळपासूनचं एकेक आठवून बघत होते. पोराला त्यांनी गाव विचारलं होतं, शिक्षण विचारलं होतं, नोकरी विचारली होती. या माणसापुढे चहा ठेवला, पोहे ठेवले, आणि नाव?

"न्हाई," ते म्हणाले. "ते काही बोलले न्हाईत. आणि खरं सांगतो, मॅडम, मीबी त्यांना काही विचारलं न्हाई. इतका वेळ माझ्या दारात बसले, मी साधं नाव विचारलं न्हाई. चूक माझी हाय."

गुंडानं कपाळाला हात लावला. फौजदारबाईंनी मग म्हाताऱ्याकडे खुर्ची वळवली. नाव कोंडीबा, गाव माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे. आदल्या दिवशी साताऱ्याला सरकारी दवाखान्यात डोळा दाखवायला एकटाच आला होता आणि रात्री स्टँडवरच झोपला. सकाळी तिथंच बसला असताना हा पोरगा शेजारी येऊन बसला. त्यानं विचारपूस केली, डोळ्यात औषध घालून दिलं, भजी खाऊ घातली. म्हणाला, माझं वडील न्हाईत, मोठ्या माणसाचा हात लागल्याशिवाय गाडी घेऊ नये म्हणतात, तुम्ही चला, मग त्याच गाडीवरून तुम्हाला घरी सोडतो. डोळा दुखत होता, एसटीला गर्दी होती, म्हातारा उठून त्याच्याबरोबर गेला.

"पण त्यानं तुमच्यासमोर वडील म्हणून ओळख करून दिली," फौजदारबाई म्हणाल्या. "ते ऐकलंत ना? मग गप्प का राहिलात?"

कोंडीबानं काठीवरची बोटं हलवली.

"ऐकलं की," तो म्हणाला. "माझ्या पोराचा दिवाळीपासनं फोन न्हाई, बाई. ह्यो चारचौघांत वडील म्हनला. म्हनलं, म्हनतोय तर म्हनू दे. मला बरं वाटलं."

सुभेदारांनी मान खाली घातली. त्यांना तरी दुसरं काय झालं होतं सकाळी? एकाच दुखऱ्या जागेवर पोरानं दोन म्हाताऱ्यांना धरलं होतं. त्यांनी उठून कोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आबा, तुमच्यावर आमचा काही राग नाही, सुनेच्या नोकरीसाठी ती गाडी विकायची होती, एवढंच. पोरी तुमच्याही असतील.

कोंडीबानं ते ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा ओढला गेला. "इट्याला," तो हळूच म्हणाला. "एसटीत फोनवर कुनाला तरी म्हनत हुता, दोपारी गाडी घिऊन इट्याला येतो. मला डोळ्यानं नीट दिसत न्हाई, पर ऐकाय येतं."

फौजदारबाईंनी लगेच सांगलीकडच्या विट्याच्या ठाण्याला फोन लावला. गाडीचा नंबर सांगितला, वर्णन सांगितलं. मग चहा आला. तो कुणी प्यायला नाही. दुपार टळायच्या सुमारास उलटा फोन आला. विट्याच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली होती आणि पोरगा ताब्यात होता. गाडी हातात यायला कोर्टाचे सोपस्कार होते, पण तोवर आपल्या बायकोची स्कूटर शिवांजलीला द्यायला गुंडा आपणहून तयार झाला. सुभेदारांनी घरी कळवलं. पलीकडून शिवांजलीचा रडतानाचा आवाज आला आणि फोन मंगलताईंनी घेतला.

"आजोबा, तुमच्यामुळे चोर सापडला," फौजदारबाई हसून म्हणाल्या.

कोंडीबा हसला नाही. पोराला मारतील का, असं त्यानं विचारलं. बाईंनी नाही सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसेना. उठता उठता तो पुन्हा थांबला.

"माझ्यासाठी भजी घेतली, सोता एकबी खाल्लं न्हाई त्यानं. कालपासनं उपाशी हाय म्हनत हुता. जेवलंय का बघा ओ त्ये."

फौजदारबाईंनी ठेवलेला फोन परत उचलला आणि विट्याला विचारलं, पोराला काही खायला दिलंय का.