दसऱ्याच्या रंगाखालची सायकल

विनिताच्या डोक्यात तिडीक गेली ती एक मेसेज वाचून. रविवारी डोंबिवलीला जुन्या सायकलींचा मेळावा होता. तिथं आपल्या वडिलांची, म्हणजे आनंदा आबांची सायकल आणणार असं तिनं जुन्या सायकलपटूंच्या ग्रुपवर जाहीर केलं. लगेच पोपटकाकांनी खाली टाकलं, ‘आधी तिचा रंगाखालचा नंबर दाखवा म्हणावं. दर दसऱ्याला रंग उगाच नाही फासत कुणी.’

आता घ्या! अहो, वागळे इस्टेटमध्ये दसऱ्याला कोण रंग फासत नाही? लेथपासून हातगाडीपर्यंत सगळ्यांवर ऑइलपेंटचा हात फिरतो, झेंडूची माळ पडते, पेढे वाटले जातात. पोपटकाका त्याच कारखान्यात आबांच्या शेजारच्या लेथवर राबले. त्यांनीही आपली लेथ वर्षानुवर्षं हिरवी केली. पण त्यांनी रंग लावला की पूजा, आणि आबांनी सायकलला लावला की चोरी!

भानगड जुनी होती. कारखान्यात तेव्हा एक इंग्रज साहेब होता, सहा फुटांच्या वर उंच, शर्यतीच्या सायकलींचं वेड असलेला. आबांना आणि पोपटकाकांना त्यानंच ठाणे-कल्याण शर्यतीत उतरवलं. आबा पुढे जायचे, आणि ते पोपटकाकांच्या डोळ्यांत सलायचं. मग साहेब एकाएकी आजारी पडून मायदेशी गेला, आणि थोड्या दिवसांनी स्टोअरमधली एक विलायती सायकल आबांच्या घरी आली. ‘साहेब तुझ्यासाठी ठेवून गेलेत,’ असं वॉचमननं सांगितलेलं. साहेब काही परत आला नाही, पुढे वॉचमनही वारला, आणि बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

आबांना स्वतःलाही वाटायचं, साहेबाची वापरून झालेली सायकल आपल्या पदरात पडली असेल, पण दाखवायला पुरावा काहीच नव्हता. म्हणून ते गप्प बसले, आणि ते गप्प बसले म्हणून लोकांना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. आता कोपरीच्या घरात त्यांनी विषयच संपवला. “भंगारवाल्याला देऊन टाक, विनू. मी गेल्यावर चोराची लेक म्हणतील तुला.”

“तुम्ही असताना म्हणतायत, त्याचं आधी बघते,” विनिता म्हणाली.

ती ऐकणाऱ्यातली नव्हतीच. वागळे इस्टेटमध्येच ती मोटारीचे सुटे भाग तपासायची, माप चुकलं की कुणाचाही माल परत पाठवायची. सायकल तिनं सरळ कामावर नेली आणि रंग काढायचा रिमूव्हर चोळला. हिरवा निघाला, निळा निघाला, पुन्हा हिरवा. सगळे दसरे एकेक करून जमिनीवर पडले. तळाशी मूळचा लालभडक रंग, नळ्यांच्या सांध्यांवर कानशीनं काढलेली नाजूक पानं, आणि पायडलांच्या मधल्या नळीखाली ठोकलेला नंबर. तोच नंबर पुढच्या चिमट्याच्या दांड्यावर. म्हणजे इकडचं-तिकडचं जोडलेलं नव्हतं, एकाच हातची सायकल होती.

फोटो तिनं इंग्लंडमधल्या जुन्या सायकलींच्या एका जाणकाराला पाठवले. त्याचं उत्तर आलं. असली पानं एकाच छोट्या दुकानात काढायचे, बापलेक हातानं सायकली बनवायचे, दुकान कधीच बंद झालं. हा नंबर कुणाचा, ते आता कळायचं नाही. पण ते दोघं शिंप्यासारखे होते, गिऱ्हाइकाच्या मापाशिवाय सायकल बनवायचेच नाहीत. तेव्हा सायकलचं माप घ्या आणि त्या मापाचा माणूस शोधा.

माप घ्या! आणि हे सांगतोय कुणाला? विनितानं टेप काढली, व्हर्नियर काढलं. फ्रेम बुटकी निघाली. त्या उंच साहेबाचे गुडघे हँडलला आपटले असते. म्हणजे साहेबाची नव्हेच ही! मग तिनं पायडलांचे दांडे मोजले, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. डावा दांडा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटानं आखूड होता. डाव्या पायडलाचं भोकच मुद्दाम आत घेऊन पाडलेलं, आणि काम इतकं साफ, की चूक म्हणायची सोय नाही.

आबा लहानपणी गावी बैलगाडीवरून पडलेले. तेव्हापासून डावा पाय आखूड. चालताना लंगडायचे, या सायकलवर कधीच नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही, आणि स्वतःच्या सायकलला व्हर्नियर कोण लावत बसतं? विनिताला तिथंच रडू फुटलं, आणि रडतारडता ती हसायलाही लागली.

घरी येऊन तिनं चपलाही काढल्या नाहीत. “आबा, सरळ उभे राहा.” टेप आधी उजव्या पायाला लावली, मग डाव्या. तेवढ्यात आबांनी तिचा हात धरला.

“थांब,” ते म्हणाले. “असंच घेतलेलं साहेबानं. दोन्ही पायांचं वेगवेगळं.” मग त्यांनी टेप तिच्या हातातून घेऊन गुंडाळली. म्हणाले, “रविवारी मी पण येतो.”

डोंबिवलीच्या मैदानात पोपटकाका खुर्ची टाकून पुढेच बसलेले. अजूनही उंचापुरा, ताठ माणूस. लालभडक सायकल बघून म्हणाले, “कुणाची म्हणायची ही?”

आबा थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. “पोपट, गणवेश शिवायचा म्हणून साहेबानं माझी मापं घेतलेली, आठवतं?”

“आठवतं की! दोन लांबीची पँट शिवणार म्हणून किती हसलेलो आपण. गणवेश आला कुठं पण?”

“आला नाही, म्हणून मी जन्मभर शिव्या घातल्या त्याला.” आबांनी सायकल त्यांच्यापुढे केली. “बस. एक चक्कर मारून ये.”

पोपटकाका तोऱ्यात बसले. गुडघे हँडलला आपटायला लागले, डावा पाय एक सांगतोय, उजवा भलतंच. सायकल भेलकांडली तसे ते उतरले. खाली वाकून त्यांनी दोन्ही दांड्यांवरून बोटं फिरवली, पायडलाचं भोक चाचपलं. लेथवर आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला आणखी काय सांगायचं?

“पोपट,” आबांनी विचारलं, “माप घेताना टेपचं दुसरं टोक कुणी धरलेलं?”

सगळे बघत होते. पोपटकाका तसेच वाकलेले राहिले.

“मी,” ते म्हणाले. “आनंदा, मीच धरलेलं रे.”