हनुवटीखालची घडी

"ताई, जरा हसा की! फोटो काढतोय, दात नाही काढत," अध्यक्ष म्हणाले आणि आपल्याच विनोदावर मनापासून हसले.

ताई छपाईच्या टेबलापाशी नमुन्याचा पांढरा टी-शर्ट छातीशी धरून उभी होती. शर्टावर गायकाचा तरुणपणीचा चेहरा होता, मान किंचित वळवलेली, डोळे मिटलेले. ताईचे डोळे मात्र उघडे होते आणि ते मोबाइलकडे नव्हते. अध्यक्षांनी फोटो काढला तेव्हा ती खिडकीकडे बघत होती.

"चालेल, चालेल. आमच्या मंडळाच्या सगळ्यात जुन्या चाहत्या! हाच फोटो पहिला टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे गायकाच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. पोटापाण्यासाठी त्यांनी जन्मभर पोस्टात शिक्के मारले, पण खरी नोकरी केली ती या मंडळाची. माणूस सोन्यासारखा. एकदा नळ फुटून छापखान्यात पाणी शिरलं, तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून छापखान्याचे मालक छापेकाका, म्हणजे ताईचे धाकटे भाऊ, यांच्या जोडीला दिवसभर पाणी उपसत होता, तेही गाणी म्हणत. म्हणून तर चार दिवसांपूर्वी ते "गायकाच्या पाठीशी उभं राहायचंय, शर्ट हवेत, तोच जुना चेहरा हवा" म्हणाले, तेव्हा छापेकाकांनी हो म्हणायला वेळ लावला नव्हता.

जुना चेहरा मिळाला, कारण छापेकाकांनी आयुष्यात एकच नियम मोडला होता. छपाईची चौकट, म्हणजे लाकडावर ताणलेलं, चित्र उतरवलेलं बारीक जाळीचं कापड, काम झालं की औषधाने घासून धुवायची आणि पुढच्या कामाला घ्यायची. इथे कुणाच्याही चेहऱ्याचे लाड नाहीत. उमेदवार पडला की तो मोरीत, निवडून आला तरी मोरीतच. फक्त गायकाची पहिली चौकट त्यांनी धुतली नव्हती. ती माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेली होती.

ती चौकट म्हणजे त्यांचं तरुणपणच होतं. गायकाचा या शहरातला पहिला कार्यक्रम, आणि छापखान्याचं पहिलं मोठं काम. खोली एवढीशी. ओले शर्ट वाळत घालायला जागा नाही, म्हणून समोरच्या गल्लीत तारा बांधल्या होत्या. गल्लीभर तोच चेहरा, वाऱ्यावर हलणारा. रेडिओवर त्याचंच गाणं. काय दिवस होते ते! खिशात दमडी नव्हती आणि तक्रारही नव्हती.

त्याच तारांखालून वाकून ताई आली होती. एका हातात पिशवी, दुसरा हात प्लास्टरमध्ये. त्याआधी दोनदा ती माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा आईने तिची समजूत घालून परत पाठवलं होतं. "जावईबापू कधी वर मान करून बोलत नाहीत, तुझंच काहीतरी चुकत असेल." तिसऱ्या वेळी ती आईकडे गेलीच नाही, धाकट्या भावाच्या छापखान्यात आली. भावाने काही विचारलं नाही. तिने वाळलेल्या शर्टांचा ढीग बघितला, खाली बसली आणि घड्या घालायला लागली. एका हाताने घडी कशी घालणार? तिने शर्टाचा गळा हनुवटीखाली दाबून धरला आणि चांगल्या हाताने बाह्या मागे घेतल्या. छाप वर, घडी नीट. संध्याकाळपर्यंत रेडिओबरोबर ती गुणगुणतही होती. आपली ताई पुन्हा गायला लागली, हे ऐकून भावाने शाई ओढायची रबराची पट्टी खाली ठेवली आणि रेडिओ जरा बारीक केला.

हात पुढे बरा झाला, पण हनुवटीची सवय गेली नाही. "आता दोन हात आहेत ना गं तुला?" असं छापेकाका चिडवायचे. "तिसरा असलेला बरा," असं ती म्हणायची. तीसेक वर्षं हेच चाललं होतं.

"हं, आणि चेहऱ्याखाली हे छापायचं," म्हणत अध्यक्षांनी खिशातून चिठ्ठी काढली. छापेकाकांनी चष्मा लावून वाचलं.

तू खरा, ती खोटी.

'ती' म्हणजे गायकाची पहिली बायको. तिने महिन्याभरापूर्वी टीव्हीवर येऊन सांगितलं होतं, की तो तिला संसारभर मारत होता. तेव्हापासून ताईने रेडिओ लावला नव्हता. छापेकाकांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी विषय काढला नव्हता.

"जरा जास्तच होतंय का हो हे?" त्यांनी विचारलं.

"जास्त काय त्यात? इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आणि आता आठवलं होय? अहो, त्या माणसाच्या गाण्यांवर आपली आयुष्यं गेली. ताई, तुम्हीच सांगा, इतकं हळवं गाणारा माणूस बाईवर हात उचलेल का?"

ताई नमुन्याच्या शर्टाची घडी घालत होती. ती घालून झाली, मग म्हणाली, "आमचे हेसुद्धा छान गायचे."

अध्यक्षांना आधी नीट कळलंच नाही. "अच्छा? कधी बोलला नाहीत," असं म्हणून ते हसले, आणि मग हसू अर्ध्यात थांबवून चहाचा रिकामा कप उगाच तोंडाला लावला. रविवारी मोर्चा आहे, तेवढं लक्षात ठेवा, असं म्हणून ते निघून गेले.

छापेकाकांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "शब्द दिलाय गं त्यांना. आणि आपण काय, नुसते छापणार. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवणारे आपण कोण?"

"खरंय," ताई म्हणाली.

एवढं सरळ उत्तर ऐकून त्यांना जास्तच कसंतरी झालं. पण काम अंगावर होतं. त्यांनी अक्षरांची चौकट तयार केली, जेवणानंतर छपाई सुरू केली. पट्टी ओढली की आधी चेहरा, मग दुसऱ्या चौकटीतून ते चार शब्द. ऊन कडक होतं, शर्ट भराभर वाळले. ताई तारेवरून काढून घेत होती आणि घड्या घालत होती.

खोकी आणायला छापेकाका वळले आणि थांबले. घड्यांचा ढीग नेहमीसारखाच काटेकोर होता, पण वरपासून खालपर्यंत कोरा, पांढरा. एकाही शर्टाचा छाप वर नव्हता.

"ताई, चेहरा आत गेला की."

"हो."

"सगळ्यांचाच?"

तिच्या हनुवटीखाली एक शर्ट होता, म्हणून तिला मान वर करता येत नव्हती. तशीच खाली बघत ती म्हणाली, "मला ते वाचवत नाही रे. गळा धरला की शब्द नेमके डोळ्यांपुढे येतात. पण तू थांबू नकोस, काम तुझं आहे. घड्या मी घालीन."

छापेकाकांना आईची आठवण झाली. वाईट नव्हती ती. तिने डोळ्यांनी बघितलं होतं, जावई वर मान करून बोलत नाही. त्यावर ती शेवटपर्यंत ठाम राहिली.

त्यांनी हात पुसले आणि अध्यक्षांना फोन लावला.

"हे शर्ट मी छापत नाही. आगाऊ घेतलेले परत करतो."

"अहो, पण कोर्टात कुठं काय सिद्ध झालंय?" अध्यक्षांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांचं आपलं नातं, आणि ऐन वेळी तुम्ही पाठ फिरवता?"

"सिद्ध झालं नाही, कबूल. मलाही काही माहीत नाही. पण मग ती खोटी, हे तरी तुम्हाला कुठं माहीत आहे? कुणा बाईला खोटी म्हणणारा शर्ट आमच्या ताईच्या हनुवटीखालून जायचा नाही. एवढंच."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. छापेकाकांना वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या माणसाइतकी गाणी त्यांच्याबरोबर दुसऱ्या कुणीच म्हटली नव्हती.

अक्षरांची चौकट त्यांनी मोरीत नेऊन धुतली. मग परत आले आणि दुसरीही उचलली.

"ती कशाला?" ताई म्हणाली. "ती राहू दे की. तुझी आठवण आहे."

"तुझीही आहे."

ताई उठली आणि तिने नळाची नळी हातात घेतली. औषध लावून छापेकाका ब्रशने घासत राहिले. आधी केस गेले, मग कपाळ. मिटलेले डोळे बराच वेळ टिकले. पाणी सोडता सोडता ताई नकळत गुणगुणायला लागली, तेच पहिल्या कार्यक्रमाचं गाणं, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून थांबली.

"चाल मात्र छान होती रे," ती म्हणाली.

"होती."

त्यांनी चौकट उजेडात धरली. कापडात चेहऱ्याची पुसट सावली उरली होती. इतकी जुनी शाई, ती पूर्ण निघणार नव्हती.

"राहिलाय थोडा," छापेकाका म्हणाले. "कापड बदलू का?"

"कशाला? दुसरं काही छापलं की दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीवर एका शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेचे शर्ट छापले. ताईने पहिला शर्ट हनुवटीखाली धरला, बाह्या मागे घेतल्या आणि छाप वर ठेवून घडी घातली.