अकरा नवऱ्यांचा वड

ज्या वर्षी रेवतीचं लग्न झालं आणि नवरदेव नोएडाहून मेट्रोनं वरात घेऊन आला, ते साल २०२४. मांडव उतरून महिना झाला नाही तोच आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरांच्या आवारात नोटीस लागली. मधला वड तोडून तिथं चारमजली पार्किंग होणार होतं.

रेवतीचे आजोबा अण्णासाहेब तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत फायली पुढं सरकवलेला माणूस, आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचा. गुडघे गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ त्यांची खुर्ची वडाखाली. वडापलीकडचं जग त्यांनी केव्हाच सोडलं होतं. वड गेला असता तर उरल्या असत्या चार भिंती.

"भांडायचं नाही," ते बायकोला, विजयालक्ष्मीबाईंना म्हणाले. "अर्ज करायचा."

त्यांनी झाडांच्या ऑफिसात अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ज्येष्ठ महिन्यात स्त्रिया पतीच्या दीर्घायुष्यासाठी या वडाची पूजा करतात.' तिथी मात्र लिहिली नाही. मराठी माणसाला वटपौर्णिमा म्हणजे पौर्णिमाच. ती वेगळी काय लिहायची?

पाहणीला आलेले त्यागीसाहेब मेरठचे. त्यांची आई हे व्रत अमावास्येला करायची, म्हणून ते अमावास्येला आले. वडाभोवती कॉलनीतल्या मिश्राभाभी आणि त्यांच्या मैत्रिणी सूत गुंडाळत होत्या. अर्जदाराची बायको मात्र खिडकीतल्या ओट्याशी भेंडी चिरत उभी.

"आंटीजी, आपका व्रत नहीं है?"

"हमारा पंधरा दिन बाद. पूनम को."

त्यागी चक्रावले. "बरगद एक, तारीख दो? फिर पति किसकी पूजा से जी रहे हैं?"

तो प्रश्न त्यांनी अहवालात जसाच्या तसा लिहिला. तीन महिन्यांनी वरून उत्तर आलं. पूजेचा उपयोग सिद्ध करण्यासाठी दोन्ही तिथींच्या पतींचे हयातीचे दाखले जोडावेत.

विजयालक्ष्मीबाईंनी कपाळाला हात लावला. अण्णासाहेबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पेन्शनीसाठी ते दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगत आलेले. "पुरावा नको का त्यांना?" म्हणाले आणि कामाला लागले.

एकूण अकरा नवरे निघाले. त्यातले बरेच अजून नोकरीत होते. त्यांच्यातल्या एका डेप्युटी सेक्रेटरीला तर, आपण जिवंत आहोत हे हाताखालच्या माणसाकडून लिहून घ्यावं लागलं. थंडी सरता सरता आदेश आला. वडाला संरक्षण मिळालं. अट एकच, दर नोव्हेंबरात सर्व अकरा पती हयात असले पाहिजेत. एक जरी कमी झाला, तरी संरक्षण संपलं.

मग कॉलनीचं डोकंच फिरलं. मिश्राजींच्या हातातला समोसा येणारेजाणारे काढून घेऊ लागले. विनाहेल्मेट निघालेल्या एका नवऱ्याला तिघींनी स्कूटरवरून खाली ओढलं. आणि ज्यांच्या दोन गाड्या पार्किंगवाचून ऊन खात उभ्या असायच्या, ते कॉलनीचे सेक्रेटरी भाटिया रोज अण्णासाहेबांसाठी तुपातली जिलबी आणू लागले.

"लीजिए अण्णाजी, गरम हैं।"

"भाटिया, मेरी शुगर कितनी है, मालूम है ना?"

"अरे बिल्कुल मालूम है! सिर्फ दो।"

अण्णासाहेब अर्धी खायचे. आतून आवाज यायचा, "अहो, झाडाचा तरी विचार करा!"

पुढच्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा पिवळट झाली आणि अण्णासाहेबांची छाती भरली. मुलगा सुधन्वा म्हणाला, "बाबा, पुण्याला जाऊ या." ते हलले नाहीत. या वर्षीचे अकरा दाखले जाऊन पोचले होते. पुढच्या वर्षी दहाच असतील, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दोन दिवस ते उशांना टेकून आढ्याकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं, 'सर्व अकरा' ऐवजी 'किमान एक' असे वाचावे.

या अर्जाच्या चौकशीला आलेले त्यागी खुर्ची ओढून पलंगाशी बसले. "बदलाव का कारण?"

अण्णासाहेबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "लिखिए, अर्जदार."

त्यागींचं पेन थांबलं. "अण्णाजी, ऐसा नहीं लिखते।"

"पैंतीस साल लिखा है मैंने. कारण खाली रहा तो फाइल वापस आती है."

त्यागींनी मान खाली घालून लिहिलं. जाताना ते पाया पडले. फाइल त्यांनी टपालात टाकली नाही, स्वतः टेबलाटेबलावरून फिरवली. अठ्ठावीस नोव्हेंबरला सही झाली. विजयालक्ष्मीबाईंनी आदेश वाचून दाखवला. अण्णासाहेबांनी त्यातला जावक क्रमांक दोनदा वाचायला लावला आणि कागद उशीखाली ठेवून घेतला.

अण्णासाहेब २ डिसेंबर २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी सव्वानऊला, घरीच वारले.