न लागलेलं दही

चमचा बुडाला. दह्यात तो निदान अडायला तरी हवा, पण सरळ खाली गेला आणि वाटीच्या तळाला टक् वाजला – दूधच होतं ते, रात्री ठेवलं तसंच. विरजण लावलंच नव्हतं. असं कधी होत नाही… अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या थंडीतसुद्धा ओव्हनचा दिवा चालू ठेवून मालिनी दही लावत आली, आणि नेमकं आज, शंतनू दिल्लीला निघायचा त्या सकाळी.

परीक्षेला, इंटरव्ह्यूला जाताना लेकाने तळहात पुढे करायचा आणि तिने दही घालून ‘यशस्वी हो’ म्हणायचं – एवढं एकच त्याने तिच्याकडून घेतलं होतं, बाकी सगळं इथलं. आता तो औषधकंपनीचा वकील. भारतातल्या एका कारखान्याने सरकारकडे अर्ज केलाय, की पेटंट या कंपनीचंच राहू दे, पण तिचं औषध आम्हालाही करू द्या, स्वस्तात विकू, त्यांचा हिस्सा त्यांना देऊ. आणि तो अर्ज फेटाळला जावा म्हणून शंतनू निघालेला. तेच महागडं औषध नागपूरच्या हॉस्पिटलात रत्नाला लिहून दिलंय. मालिनीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला.

“रत्नामावशीचं मी अरेंज करतो ना,” तो काल म्हणाला होता. “कंपनीचा फुकट औषधाचा प्रोग्रॅम आहे, आई. पण प्रत्येक देश असं लायसन्स द्यायला लागला तर नवीन औषध शोधणार कोण यार?” त्याच्या बोलण्यात खोट सापडत नाही, तेच तर… आणि रत्ना फोनवर हसली होती. “माझ्या एकटीचं नको गं. शेजारच्या खाटेवरचीचा भाचा कुठे वकील आहे? तुझ्या लेकाला म्हणावं, जिंकलास की तसाच इकडे ये, मावशीच्या तेराव्याला. तिकीट कंपनीचंच असेल.”

आणि मी? रोज दिव्यापुढे एका दमात म्हणते – शंतनूला यश दे, रत्नाला आयुष्य दे. सोमवार धरते, तिच्यासाठी मीठ सोडलंय. देवाने यातलं नेमकं काय ऐकायचं? विरजण मी विसरले, की हातानेच ठरवलं, मला न विचारता?

“आई, कॅब आली!” बॅग ओढत शंतनू आला, वाटी पाहून थबकला. “सेट नाही झालं? डोन्ट वरी, योगर्ट आहे.” फ्रिज उघडून त्याने डबी काढली. “स्ट्रॉबेरी. चालेल ना तुझ्या देवाला?”

त्याने तळहात पुढे केला, लहानपणी करायचा तसाच, बोटं किंचित मुडपून. तिने गुलाबी थेंब ठेवला. तो थांबला – त्या दोन शब्दांसाठी. ते सवयीने ओठांशी आलेही होते…

“जपून जा,” ती म्हणाली.

त्याने तळहात चाटला, तिच्याकडे पाहिलं. “बस, एवढंच?”

“कॅब थांबलीय ना.”

दार लागलं. ती देवापुढे बसली तेव्हा चमचा हातातच होता. शंतनूला… वाक्य पुढे जाईना. रत्नाला… तेही नाही. घशाशी काहीतरी तापत होतं. मालिनीकाकूंचा आवाज कधी चढत नाही, असं मंडळातल्या साऱ्याजणी म्हणतात. तिलाही वाटायचं, इतक्या व्रतांनी राग केव्हाच विरला असेल. राग देवाचा आलाय, लेकाचा, की आपल्याच हाताचा, कळेना. तो शांत कर, असं मात्र आज तिला म्हणवेना.