आप्पांचे भाऊबंद

आप्पांचा उजवा डोळा लवतोय, ही बातमी भुवनेश्वरीला फोनवर आधी आईनं, अव्वानं सांगितली, मग भावानं, मल्लेशनं, आणि शेवटी खुद्द आप्पांनी. पुरुषाचा उजवा डोळा लवला की काहीतरी चांगलं घडणार, यावर मंगळवेढ्याच्या त्या घरात कुणाचं दुमत नव्हतं. आणि चांगलं तर घडतच होतं. आप्पांच्या किडनीत सुरू होऊन मानेपर्यंत आलेला कॅन्सर मागं हटायला लागला होता. शर्टाच्या कॉलरबाहेर डोकावणारी गाठ दोन डोसांतच बोटाला लागेनाशी झाली होती. काही वेगळं जाणवलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं खरं. पण शुभ गोष्ट डॉक्टरला कोण कळवतं?

भुवनेश्वरी सोलापुरात, होटगी रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत उंदरांवर काम करायची. उंदराच्या कातडीखाली गाठ वाढवायची, मग पोटात अँटिबॉडी टोचायची आणि गाठ किती आटली ते बघायचं. आप्पांना हॉस्पिटलात दोन औषधं लिहून दिली, ती वाचून तिला हसावं की रडावं कळेना. ती उंदरांना टोचत होती त्याच दोन अँटिबॉडींचे ते माणसांसाठी बनवलेले प्रकार होते.

हे औषध करतं काय, असं आप्पांनी विचारलं तेव्हा तिनं सोपं करून सांगितलं. रक्तातल्या शिपाई पेशींनी उगाच आपल्याच माणसावर हात उचलू नये म्हणून शरीरानं जागोजागी नाके बसवलेत. कॅन्सर त्या नाकेवाल्याला फितवतो आणि शिपायांना अडवून ठेवतो. औषध नाका उठवतं, शिपाई आत घुसतात. आप्पांचा उभा जन्म ज्वारीच्या व्यापारात गेलेला. नाका उठला म्हणजे गाडी सुसाट की, असं म्हणून ते खूश झाले. नाका उठला की गाडी नको तिथंही जाते, हे भुवनेश्वरीनं सांगितलं नाही. सुईसाठी हात पुढं करून बसलेल्या बापाला असलं सांगायला जीभ रेटत नाही.

तेव्हापासून आप्पा तिच्या उंदरांना भाऊबंद म्हणू लागले. एकच औषध घेणारे म्हणजे एकाच भावकीतले. फोन केला की आधी भाऊबंदांची चौकशी, मग लेकीची. आणि लेक दरवेळी सांगायची, मजेत आहेत.

ते मजेत नव्हते. संक्रांतीच्या आधीच एक मेला, मग एकामागून एक मरत गेले. प्रत्येकाची गाठ पार सपाट झालेली, आणि उंदीर कुशीवर पडलेला. मरायच्या आधी ते मान खाली घालून बसायचे, डोळे अर्धे मिटायचे, खाणं अर्धवट कुरतडून सोडून द्यायचे. भुवनेश्वरीनं छाती उघडून पाहिली तर हृदय फिकट, ठिपक्याठिपक्यांचं. सूक्ष्मदर्शकाखाली तिला तेच शिपाई दिसले, हृदयाच्या स्नायूत दाटीवाटीनं घुसलेले.

तिचे वरिष्ठ महेश्वर सर म्हणाले, या जातीच्या उंदरांत शिपायांना आवरणारा एक ब्रेक जन्मापासूनच ढिला आहे, म्हणून तर ती आणली. माणसाशी लगेच नातं जोडू नकोस. सर खोटं बोलत नव्हते. माणसात असं क्वचितच होतं, हे तिनंही वाचलं होतं. त्या क्वचितला धरून ती रोज झोपी जायची.

शेवटी पिंजऱ्यात एकच उंदीर उरला. त्याचा पुढचा डोस तिनं सरांना न विचारता थांबवला. उंदराचा थांबवला आणि बापाचा चालू ठेवला. शिकलेल्या माणसाचं धाडस हे असं असतं!

आप्पांचा तिसरा डोस सोमवारी होता. त्याच्या आदल्या दिवशी मल्लेशनं शेतात हुरडा ठेवला. भुवनेश्वरी एसटीनं पोचली तेव्हा आगटीतल्या गोवऱ्या फुलल्या होत्या आणि अव्वा भाजलेली कणसं चोळून गरम दाणे घोंगडीवर टाकत होती. बाजूला शेंगदाण्याची चटणी होती. आप्पा पांढऱ्या टोपीत बसले होते. तिला बघून हसले, आणि तिनं त्यांचा उजवा डोळा पाहिला.

डोळा लवत नव्हता. डोळा पडत होता. दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी पापणी बुबुळावर उतरली होती, आणि ती वर धरायला आप्पा कपाळाला आठ्या घालून भुवई ताणत होते.

मल्लेश म्हणाला की आप्पा म्हातारपणी डोळा मारायला लागलेत, अव्वानं जपून राहावं. सगळे हसले. भुवनेश्वरीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. ती आप्पांच्या हाताकडं बघत होती. हुरड्यासाठी जीव टाकणारा हा माणूस पहिली मूठ कशीबशी चावत होता. दुसऱ्या मुठीला त्यांनी हनुवटीला हाताचा आधार दिला. मग उरलेले दाणे घोंगडीवर ठेवले आणि म्हणाले, "साकु." पुरे. अव्वाला वाटलं, पोट भरलं.

भुवनेश्वरी त्यांच्यासमोर बसली. लिंबाच्या शेंड्याकडं बघा आणि नजर हलवू नका, असं तिनं सांगितलं. आप्पांना वाटलं पाखरू दाखवतेय. ते बघत राहिले, आणि बघता बघता पापणी घसरत घसरत पार मिटली. मग डावीही उतरू लागली. जिना चढताना दम लागतो का, तिनं विचारलं. लागतो की थोडा, असं ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नाकातून आला.

आत्ताच्या आत्ता सोलापूरला निघायचं, ती म्हणाली. अव्वा हातातलं कणीस तसंच धरून बघत राहिली. मल्लेश म्हणाला, उद्या जायचंच आहे, तेव्हा सांगू. उद्यापर्यंत थांबायचं नाही आणि उद्याचा डोसही घ्यायचा नाही, असं तिनं म्हटल्यावर मात्र तो भडकला.

"त्या औषधानंच गाठ गेली की. बंद केलं अन् परत आली तर? मग काय सांगशील आमाला?"

भुवनेश्वरीलाही ते माहीत होतं. गाठ परत येऊ शकत होती. तिला फार भीती वाटत होती, आणि ती कुठल्या बाजूची जास्त आहे हेच तिला ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात आप्पांनी विचारलं, नेहमीच्याच सुरात, "भुवी, आमचे भाऊबंद कसे हायत?"

ती आगटीकडं बघत म्हणाली, "मेले, आप्पा."

"गाठीनं?"

"न्हाय. गाठी गेल्या हुत्या. शिपाई हृदयात घुसले. डोळे आधी असेच मिटायचे."

आप्पांनी तर्जनी वर नेली, उजवी पापणी उचलून धरली आणि लेकीला नीट बघितलं. मजेत आहेत असं ती इतके दिवस का सांगत होती, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते मल्लेशला गाडी काढायला म्हणाले. उठायला त्यांना दोघांचे खांदे लागले.

सोलापुरात कार्डिओग्राम काढणाऱ्या मुलीनं कागद एकदा पाहिला आणि पळत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पापणी बघितली, रक्त तपासायला पाठवलं, वर आयसीयूत फोन केला. पापणीसारखेच हृदयाचे स्नायूही शिपायांनी धरलेत, हे निदान पक्कं व्हायची वाट न बघता त्यांनी स्टिरॉइड मोठ्या मात्रेत सुरू केलं. शिपायांना आवरायचं, नाका पुन्हा बसवायचा. उद्याचा डोस रद्द झाला. ते औषध आता बहुधा कायमचंच बंद, असंही ते म्हणाले. लवकर आणलंय का, असं भुवनेश्वरीनं दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत हे बरं केलंत. त्यांनी लवकर हा शब्द वापरला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

आयसीयूत तिला आत जाऊ दिलं तेव्हा आप्पांच्या छातीला वायरी होत्या आणि दोन्ही डोळे मिटलेले होते. मान मात्र गुळगुळीत होती, गाठीचा मागमूस नव्हता. तिनं हात धरल्यावर त्यांनी ओळखलं. त्यांचं बोट पापणीपर्यंत गेलं, पण उचलायला जोर पुरेना, म्हणून तिनंच आपल्या अंगठ्यानं ती हळूच वर धरली.

"त्यातला कुणी वाचला का गं?" त्यांनी विचारलं. शब्द नाकातून, अर्धे हवेतून आले.

फोनवर खोटं बोलणं किती सोपं होतं. इथं तो डोळा तिच्याच बोटाच्या आधारानं उघडा होता आणि तिच्याकडंच बघत होता.

"एक हाय, आप्पा," ती म्हणाली. "सकाळी मी निघाले तवा हुता."