उन्हाकडे तोंड

पक्ष्यांच्या पुस्तकात जिथे पाणथळ जागा दाखवली होती, तिथे ट्रक उभे होते. मी टॅक्सीतून उतरलो, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सिमेंटचं मैदान, भोवती कुंपण आणि पलीकडे माल उतरवणारी माणसं. पुस्तक जुनं आहे हे मला ठाऊक होतं. पण छापलेल्या गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसतो.

"काय दिसतंय?" बायकोनं आतूनच विचारलं.

"ट्रक."

"कुठल्या जातीचे?"

मला हसू आलं नाही. तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्याच्या मधोमध एक करडा डाग होता आणि तो पसरत चालला होता. कुणाचा चेहरा पाहायचा तर तिला त्याच्या कानाकडे बघावं लागे. काय बघायचं ते या हिवाळ्यात बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मुलीला वाटलं, आई आता नातवंडांकडे येऊन राहील. आईनं चमचा पक्षी मागितला.

लग्नानंतर माझ्या पुस्तकातल्या चित्रात त्याची चमच्यासारखी चोच पाहून ती हसली होती. हा बरा, म्हणाली, स्वतःचा चमचा घेऊन जेवायला जातो. पुढे आम्ही कुठेही निघालो की आधी तिथे पक्षी कुठे दिसतील ते शोधायचो. बगळे, बदकं, धोबी पक्षी सगळे दिसले. चमचा मात्र आम्ही पोहोचायच्या आदल्याच दिवशी उडून गेलेला असे. आमच्या घरात एक कायदा होता : दोघांनी पाहिला तरच पाहिला. एकट्यानं पाहिलेला पक्षी मोजायचा नाही. या वेळचं ठिकाण मी निवडलं होतं आणि उद्या सकाळची परतीची गाडी होती.

लॉजवर परतल्यावर मी पलंगावर नकाशा पसरला. निळा रंग दिसेल तिथे बोट ठेवत गेलो. एक ठिपका पोहण्याचा तलाव निघाला, एक नुसता शाईचा डाग. खरं तर अनोळखी गावात पक्षी शोधायची एक युक्ती मला माहीत होती. गावाचं सांडपाणी जिथे जातं तिथे जायचं. चिखल, किडे आणि माणसं कमी. पक्ष्यांना आणखी काय हवं? पण ते खाली काउंटरवर जाऊन विचारायचं कसं? मी वाक्य मनात जुळवत बसलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अहो, नकाशा पाठ झाला असेल तर विचारून या," ती शेवटी म्हणाली. "तो मॅनेजर तुम्हाला खाणार नाही."

दुपार उलटत आली तेव्हा मी खाली गेलो आणि गावातली घाण कुठे जाते, असं विचारून बसलो. मॅनेजरला वाटलं, बाथरूम तुंबलंय. त्यानं प्लंबरला हाक मारली. मी घाबरून नाही नाही म्हणालो, पक्षी बघायचेत म्हणालो, तेव्हा तर तो माझ्याकडे अधिकच काळजीनं पाहू लागला. मागून बायको जिना उतरून आली आणि तिनं सगळं सरळ सांगितलं. प्लंबरनंच रस्ता सांगितला : बायपासच्या पलीकडे, नाक धरून जा.

सांडपाण्याच्या प्लांटवरच्या वॉचमननं आधी नाही म्हटलं. तिनं आपल्या डोळ्याबद्दल सांगितल्यावर त्यानं फाटक उघडलं, पण ड्यूटी संपेपर्यंतच, आणि पंपघराच्या पुढे जायचं नाही. पुढे मोठमोठे हौद, उथळ, गढूळ, आणि त्यांत पक्षीच पक्षी. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि मला कळलं की मी काय करून बसलोय.

सूर्य समोर होता. सगळं पाणी चकाकत होतं आणि सगळे पक्षी काळे होते. पाठीशी ऊन घ्या, हे पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. सकाळी आलो असतो तर ऊन पाठीशीच असतं. सकाळी मी वाक्य जुळवत होतो.

मी दुर्बीण इकडून तिकडे फिरवत राहिलो. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मागे वॉचमन किल्ल्या वाजवत होता. एका कडेला लांब मानेचा एक पक्षी एकटा उभा होता. चोच दिसत नव्हती.

"चमचा," मी म्हणालो. "डाव्या कडेला. तो बघ."

ती तोंड वळवून, तिच्या पद्धतीनं भलतीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "उभाच आहे?"

"हो."

"चमचा उभा राहत नाही खाताना. चोच पाण्यात घालून झाडू मारल्यासारखी मान हलवत चालतो. तुम्हीच वाचून दाखवलं होतंत. हा बगळा आहे."

मी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

"मला चोच दिसत नाही, हललेलं दिसतं," ती म्हणाली. "अहो, पुढे मला सगळं तुमच्याच तोंडून बघायचंय. आत्तापासून खोटं सांगायला लागलात तर मी काय करायचं?"

तिचा आवाज चढला नव्हता. मी दुर्बीण काढून गळ्यात सोडली. वॉचमन हळूच म्हणाला, काका, चला आता.

ती हलली नाही. तोंड पंपघराच्या भिंतीकडे होतं आणि डोळ्याच्या कडेनं ती हौदाकडे बघत होती.

"ते बघा," ती म्हणाली. "झाडू मारतायत. चार-पाच आहेत."

मी बघितलं. चकाकणारं पाणी, बाकी काही नाही. कुठे, कुठे, मी विचारत होतो आणि ती हात करत होती, आणि हाताच्या टोकाला नुसतं ऊन होतं. मी पळालो. या वयात मी पळतो हे मलाच नवीन होतं. वॉचमन मागून ओरडला, मी पंपघर ओलांडून बांधावरून पलीकडे गेलो, ऊन पाठीशी घेतलं. कडेला एक बगळा होता. बाकी पाणी गढूळ झालेलं, हलत असलेलं, आणि वर, लांब, काही ठिपके. ते कोणीही असू शकले असते.

मी परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती.

"दिसले?"

हो म्हणायला जीभ वळवळली. "नाही," मी म्हणालो.

"एकही?"

"एकही नाही."

"मग मोजायचा नाही," ती म्हणाली आणि तिनं माझा दंड धरला.

टॅक्सीत मी दुर्बिणीचा पट्टा गुंडाळत बसलो. तिनं खरंच पाहिले होते, की मला धीर द्यायला म्हणाली होती? मी खोटं बोललो नसतो तर हा प्रश्न मला पडला नसता. विचारायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, "सांग ना, कसे होते."

ती माझ्या कानाकडे वळली आणि सांगू लागली. पुढचा मोठा होता, मागच्याची मान जरा आखूड. वळले की सगळे एकदम वळायचे. ती सावकाश, काही न वगळता सांगत होती. मी डोळे मिटले आणि मन लावून ऐकलं. मला पुस्तकातलं चित्रच दिसत राहिलं.