मिना काय करून राहिली?

शिवप्रसाद स्पेनला वॅलेन्सियात एका हॉटेलात आचारी होता. तिथंच त्यानं लुसियाशी लग्न केलं. त्यांना मिना झाली, तिला आता पाचवं लागलं होतं. गावी साखऱ्याला त्याच्या मायला, सिंधूबाईंना, फोन लागला की आजी आणि नात यांच्यामधे तोच बोलायचा. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. पावसात त्याची स्कूटर घसरली आणि तो गेला. मग दोन्हीकडचं समजणारं कोणीच उरलं न्हाई.

लुसियानं अर्धी राख तिकडं ठेवली, अर्धी साखऱ्याला पाठवली. त्याच्या बापानं, संपतरावांनी, ती सिद्धेश्वरला पूर्णा नदीत सोडली. सिंधूबाई काठावरच बसून राहिल्या.

त्याची धाकटी बहीण सुकन्या हिंगोलीला कॉलेजात होती. तिनं मोबाइलवरून स्पॅनिश शिकायला घेतलं. नातीशी बोलता यावं म्हणून मायला तिनं एक वाक्य पाठ करून दिलं : "के एस्तास आथिएन्दो?" म्हणजे, काय करून राहिली?

"एस्तास म्हणजे आपलं 'राहिली'च समज," सुकन्या म्हणाली. सिंधूबाईंना ते पटलं. भाकरी थापताना, मेंढरांना पाणी पाजताना त्या ते पुटपुटत राहायच्या.

दर रविवारी दुपारी व्हिडिओ फोन लागायचा. सिंधूबाई तेवढंच विचारायच्या. मिना हसून काहीबाही सांगायची, आणि सुकन्या मराठीत करायची : चित्र काढून राहिली, संत्रं खाऊन राहिली.

त्या रविवारी मिना दाराजवळ बूट घालून बसली होती. सिंधूबाईंनी विचारलं. तिनं उत्तर दिलं, पण सुकन्यानं ते मराठीत केलं न्हाई.

"पापा म्हणली ना ती?" सिंधूबाई म्हणाल्या. "सांग."

"पापाची वाट पाहून राहिली. तो आजीकडं गेला, असं तिच्या मायनं सांगितलंय. तुमी त्याला कधी पाठवता म्हणून विचारती."

सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "लुसियाला बोलाव. लेकराला खरं सांग म्हणावं."

"माय, लहान हाय ती."

"मला राख तरी पाह्याला भेटली. त्या लेकरानं काय पाहिलं? ते दाराशी बसून राहील."

सुकन्यानं अडखळत, तुटक्या शब्दांत लुसियाला ते सांगितलं. लुसियाचा चेहरा उतरला होता. मग तिनं मिनाला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात बोलू लागली.

सिंधूबाईंना त्यातला एकही शब्द कळला न्हाई. त्या नुसत्या मिनाकडं पाहत होत्या. मिना आईच्या ओठांकडं पाहत होती. बोलणं संपल्यावर तिनं वळून फोनकडं पाहिलं. आजी काय म्हणते, त्यासाठी.

सिंधूबाईंनी मान हलवली. खरं हाय, बाई.

मिनानं आईच्या कुशीत तोंड खुपसलं. तिकडचा फोन हातातून निसटून उताणा पडला. पडद्यावर नुसतं पांढरं छत दिसत होतं आणि लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

सुकन्या फोन बंद करायला गेली, तर सिंधूबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे. ती रडून राहिली तवर मी हितंच हाय."

संपतराव मेंढरं घेऊन आले, तेव्हाही दोघी तशाच बसलेल्या होत्या.